खुर्चीत काळा साहेब आला, मग बंदुकीचं काय झालं?

वस्तीतला पोरगा फौजदार झाला की आपण हार घालतो, विहारात सत्कार ठेवतो, बाया ओवाळतात. यात काही वावगं नाही. ज्या समाजानं पोलिसाची काठी पिढ्यान्‌पिढ्या फक्त पाठीवर खाल्ली, त्याला आपल्या पोराच्या अंगावर वर्दी बघून बरं वाटणारच. बाबासाहेबांनी तर ही मागणी फार आधी केली होती. १९२८ साली सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीनं जे निवेदन गेलं, त्यात अस्पृश्यांना लष्करात, आरमारात आणि पोलिसात घ्या, असं स्पष्ट मागितलं होतं. कायदा कागदावर कितीही चांगला असो; तो राबवणारा फौजदार गावातल्या सवर्णांचाच भाऊबंद असेल, तर अस्पृश्याची तक्रार चौकीच्या दारातच मरते, हे बाबासाहेब पुन्हा पुन्हा सांगत आले.

पण या मागणीच्या पोटात आणखी एक सवाल आहे आणि तो आपण टाळत आलोय. आपला माणूस शिपाई झाला, फौजदार झाला, उद्या कमिशनर झाला, तर आपल्या वस्तीवर पोलिसांची काठी आणि गोळी कमी चालेल काय? याचं उत्तर भावनेवर देता येत नाही. त्यासाठी इतिहास बघावा लागतो. आणि हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर, डोळ्यांदेखत झालाय तो अमेरिकेत, काळ्यांच्या शहरांत.

त्या लोकांशी आपलं नातं नवं नाही. १९४६ साली बाबासाहेबांनी डॉ. डुबॉईस यांना पत्र लिहिलं होतं. काळ्यांनी युनोकडे अर्ज केल्याचं त्यांना कळलं होतं, आणि अस्पृश्यांनीही तसंच करावं हे त्यांच्या मनात होतं. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिनं नाव घेतलं ते १९६६ साली ओकलंडमध्ये निघालेल्या ब्लॅक पँथरचं. त्या ब्लॅक पँथरचं पहिलं काम काय होतं? पोलिसांच्या गाडीमागं फिरायचं, काळ्या माणसाला अडवलं की तिथं उभं राहायचं, हातात बंदूक आणि कायद्याचं पुस्तक. म्हणजे पोलिसांचा जुलूम हाच त्या चळवळीचा जन्म. आपण त्यांचं नाव घेतलं, त्यांचा आवेश घेतला. पुढं त्यांच्या शहरांत काळे महापौर आले, काळे पोलिसप्रमुख आले, तेव्हा काय झालं हे मात्र आपण नीट वाचलं नाही.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. आपल्याकडे महापौराला पोलिसांवर काडीचा अधिकार नाही. पोलिस राज्य सरकारचे. अमेरिकेत बहुतेक मोठ्या शहरांचं पोलिस खातं त्या त्या शहराचं असतं, आणि त्याचा प्रमुख बहुधा महापौर नेमतो. म्हणून तिथं महापौराची निवडणूक म्हणजे पोलिस कुणाचे, याचीही निवडणूक असते.

सुरुवात अटलांटापासून करू. दक्षिणेतलं शहर. १९४८ सालापर्यंत तिथं त्या काळात एकही काळा पोलिस नव्हता. काळ्यांची मतं वाढायला लागली. गोऱ्यांपुरत्याच ठेवलेल्या पक्षांतर्गत निवडणुका कोर्टानं मोडून काढल्या आणि १९४६ साली हजारो काळ्यांनी मतदार म्हणून नावं नोंदवली. मग गोऱ्या महापौरालाही अक्कल आली. एप्रिल १९४८ मध्ये आठ काळे शिपाई नेमले. पण कसे? मुख्य चौकीत त्यांना जागा नाही. बटलर स्ट्रीटवरच्या काळ्यांच्या वाय.एम.सी.ए.च्या तळघरात त्यांनी हजेरी द्यायची. गस्त काळ्या वस्तीतच. आणि गोऱ्या माणसाला अटक करायचा अधिकार नाही! गोरा गुन्हा करताना दिसला तरी गोऱ्या पोलिसाला बोलवायचं.

हे वाचून आपल्याला गावचा महार आठवेल. गावकीचं काम, निरोप, पहारा सगळं त्याच्याकडं. पण पाटलाच्या पोराला हात लावायची मुभा नाही. वर्दी दिली, पण त्या वर्दीतली सत्ता काढून घेतली. काळा पोलिस नेमला याचा अर्थ सुरुवातीला एवढाच होता, की काळ्यांवर नजर ठेवायला काळा माणूस.

आता डेट्रॉईट. मोटारींच्या कारखान्यांचं शहर. १९६७ साली तिथं उठाव झाला. पोलिसांनी एका बेकायदा दारूच्या अड्ड्यावर धाड घातली आणि ठिणगी पडली. ४३ माणसं मेली, बहुसंख्य काळी. त्या वेळी शहरातली तिसऱ्या हिश्शाहून जास्त लोकवस्ती काळी, आणि पोलिसांत काळे शेकडा पाचाच्या आसपास. यावर सरकारनं काय केलं? १९७१ साली ‘स्ट्रेस’ नावाचं साध्या वेशातलं पथक काढलं. पोलिसच दारुडा किंवा म्हातारा बनून रस्त्यावर उभा राहायचा, कुणी लुटायला आलं की झडप. अडीच-तीन वर्षांत या पथकानं वीसहून जास्त माणसं मारली, जवळपास सगळी काळी. मार्च १९७२ मध्ये तर कहर झाला. एका खोलीत काही काळे माणसं पत्ते खेळत बसली होती. स्ट्रेसचे पोलिस आत घुसले आणि गोळ्या झाडल्या. आत बसलेले कोण? शेरीफच्या खात्यातले काळे पोलिस! त्यातला एक जागीच गेला. गोळी झाडणाऱ्याला समोर पोलिस दिसला नाही, काळा दिसला.

लोक रस्त्यावर उतरले. मोर्चे झाले, सह्यांच्या मोहिमा झाल्या. आणि १९७३ च्या महापौरपदाच्या निवडणुकीत सरळ सामना लागला. एका बाजूला पोलिस कमिशनर राहिलेला गोरा जॉन निकोल्स, दुसऱ्या बाजूला कामगार चळवळीतून आलेला काळा कोलमन यंग. यंगनं उघड सांगितलं, मी आलो की स्ट्रेस बंद. निवडून आला आणि १९७४ साली त्यानं ते पथक खरंच बंद केलं. नव्या सनदेप्रमाणे पोलिसांवर नागरिकांचं मंडळ आलं. काळ्यांची भरती आणि बढती जोरात सुरू झाली. गोऱ्या पोलिसांच्या संघटना कोर्टात गेल्या, ‘गुणवत्ता बुडाली’ म्हणून बोंबलल्या. हा सूर आपल्या ओळखीचा आहे. १९७६ साली विल्यम हार्ट हा पहिला काळा पोलिसप्रमुख झाला. पुढं निम्म्याहून जास्त पोलिस काळे झाले.

इथं थांबून हिशोब करू. स्ट्रेस बंद झालं हा मोठा विजय होता. माणसं जगली. पण तो विजय नुसत्या महापौराच्या कातडीनं मिळाला नाही. आधी चळवळ होती, चळवळीची एक नेमकी मागणी होती, आणि निवडून आलेल्या माणसानं ती मागणी हुकुमात उतरवली. पुढं चळवळ थंडावली, खुर्च्या राहिल्या. हार्ट तब्बल दीड दशक प्रमुख राहिला आणि १९९२ साली पोलिसांच्या गुप्त निधीतले लाखो डॉलर खाल्ल्याबद्दल दोषी ठरला. त्याच वर्षी नोव्हेंबरात मॅलिस ग्रीन या काळ्या माणसाला गोऱ्या पोलिसांनी टॉर्चनं डोक्यावर मारून ठार केलं. महापौर काळा, प्रमुख काळा. एवढं खरं, की त्या पोलिसांना खात्यानं लगेच निलंबित केलं, मग बडतर्फ केलं आणि खटला भरला गेला. वीस वर्षांपूर्वी असं घडलं नसतं. पण मारणारा हात थांबला नव्हता. अखेर २००३ साली केंद्र सरकारच्या न्याय खात्यानं डेट्रॉईटच्या पोलिसांवर बळाचा वापर आणि कोठडीतली वागणूक यासाठी कोर्टाची देखरेख बसवली. ती उठायला दहा वर्षांहून जास्त काळ गेला. बहुसंख्य काळ्या पोलिसांच्या, काळ्या साहेबांच्या खात्यावर ही पाळी आली.

याच्या उलट बाजूची गोष्ट न्यूयॉर्कची. १९७२ साली तिथला पोलिस कमिशनर पॅट्रिक मर्फी. गोरा. त्याच्या काळात खात्यानं नियम काढला, की जीव वाचवायची वेळ आल्याशिवाय गोळी झाडायची नाही, इशाऱ्याची गोळी बंद, आणि झाडलेल्या प्रत्येक गोळीची वरच्या मंडळापुढं चौकशी होणार. जेम्स फाइफ म्हणून एक माणूस त्याच खात्यात पोलिस होता, पुढं प्राध्यापक झाला. त्यानं १९७१ ते १९७५ चे कागद तपासले. नियमानंतर गोळ्या झाडणं ठळकपणे कमी झालेलं दिसलं, आणि पोलिसांच्या जिवाला धोकाही वाढला नव्हता. साहेब तोच गोरा, शिपाई तेच, नियम बदलला.

नियम नसेल तर काय होतं हे मेम्फिसला बघा. ३ ऑक्टोबर १९७४. एडवर्ड गार्नर हा पंधरा वर्षांचा काळा पोरगा एका रिकाम्या घरात शिरला. पोलिस आले, तो मागच्या कुंपणावर चढायला लागला. पोलिसानं बॅटरीच्या उजेडात बघितलं, पोराच्या हातात हत्यार दिसत नव्हतं. तरी डोक्यात मागून गोळी घातली. पोराजवळ सापडली एक पर्स आणि दहा डॉलर. गोळी घालणारा पोलिस काळा होता. कारण टेनेसी राज्याचा कायदा सांगत होता, पळणाऱ्याला थांबवायला लागेल ते करा. त्या पोलिसानं कायदा पाळला! पोराच्या बापानं दहा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. मार्च १९८५ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं सहाविरुद्ध तीन मतांनी निकाल दिला, की पळणाऱ्यापासून कुणाच्या जिवाला गंभीर धोका आहे असं मानायला सबळ कारण नसेल, तर त्याला मारून टाकता येणार नाही. किती काळी पोरं त्या एका निकालानं वाचली असतील! बाप नेटानं लढला म्हणून कायदा बदलला.

त्या निकालाला दोन महिनेही झाले नव्हते. १३ मे १९८५. फिलाडेल्फिया. महापौर विल्सन गुड, शहराचा पहिला काळा महापौर. त्याच्या हाताखाली कारभार बघणारा लिओ ब्रूक्स हा निवृत्त लष्करी अधिकारी, तोही काळा. पोलिस कमिशनर ग्रेगोर सॅम्बर गोरा. ओसेज अव्हेन्यूवर ‘मूव्ह’ नावाच्या गटाची काळी माणसं एका घरात राहत होती. शेजारी त्यांना वैतागले होते, तक्रारी खऱ्या होत्या. ते शेजारीही काळे, नोकरदार, घाम गाळून घरं घेतलेले. पोलिसांनी घराला वेढा घातला, दीड तासात दहा हजारांवर गोळ्या झाडल्या. तरी माणसं बाहेर येईनात. मग हेलिकॉप्टरमधून घराच्या छपरावर बाँब टाकला. आपल्याच शहरावर! महापौराला फोन करून विचारलं होतं आणि त्यानं होकार दिला होता. आग लागली ती वेळेवर विझवली नाही. अकरा माणसं जळून मेली, त्यात पाच लहान मुलं. एकसष्ट घरं राख झाली.

पुढच्या वर्षी महापौरानंच नेमलेल्या चौकशी मंडळानं म्हटलं, की वस्तीत राहत्या घरावर बाँब टाकणं अक्षम्य होतं, आणि अशीच गोऱ्यांची वस्ती असती तर हे निर्णय बहुधा घेतलेच गेले नसते. म्हणजे काळा महापौर असूनही काळ्या वस्तीची किंमत तीच राहिली. एकाही अधिकाऱ्यावर फौजदारी खटला झाला नाही. तुरुंगात कोण गेलं? त्या जळत्या घरातून जिवंत बाहेर पडलेली एकमेव मोठी व्यक्ती, रॅमोना आफ्रिका. तिनं सात वर्षं काढली. आणि गुड १९८७ साली पुन्हा निवडून आला.

आता कुणी म्हणेल, मग आपला माणूस आत घालून उपयोग काय? ही दुसऱ्या टोकाची चूक होईल. अभ्यासकांचे आकडे दोन्ही बाजूंनी बोलतात. फाइफनं न्यूयॉर्कमध्ये बघितलं तेव्हा काळे पोलिस गोऱ्यांपेक्षा जास्त वेळा गोळी झाडताना दिसले. पण मोठं कारण असं, की त्यांना सगळ्यात धोक्याच्या वस्त्यांत आणि कामांवर टाकलं जायचं. उलट २०२१ साली शिकागोचा अभ्यास आला. एकाच भागात, एकाच प्रकारच्या पाळीवर काम करणाऱ्या पोलिसांची तुलना केली, तर काळे पोलिस लोकांना कमी अडवत होते, कमी अटक करत होते आणि बळही कमी वापरत होते, त्यातही काळ्या लोकांवर. म्हणजे फरक पडतो. शिपाई कोण आहे याला किंमत आहे. पण तो कोणत्या हुकुमाखाली, कुठल्या पथकात, कुणाच्या शिकवणीत काम करतो, याला त्याहून जास्त किंमत आहे.

मिनियापोलिसमध्ये ही दोन्ही सत्यं एकाच जागी दिसली. २५ मे २०२० रोजी डेरेक शॉविन या गोऱ्या पोलिसानं जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर नऊ मिनिटांहून जास्त वेळ गुडघा दाबून त्याला मारलं. त्या वेळी फ्लॉइडला खाली दाबून धरणाऱ्यांत एक काळा पोलिस होता. नुकताच भरती झालेला, नोकरीचे पहिलेच दिवस. खातं आतून बदलायचं म्हणून तो पोलिसात गेला होता, असं त्याच्या घरच्यांनी नंतर सांगितलं. आणि त्याला कामाचं शिक्षण देणारा अधिकारी कोण? तोच शॉविन, ज्याच्यावर आधीच डझनाहून जास्त तक्रारी होत्या. खात्यानं बदलायला आलेल्या पोराला आधीच बदलून टाकलं.

पण त्याच खात्याचा प्रमुख होता मेडारिया अराडोंडो, मिनियापोलिसचा पहिला काळा पोलिसप्रमुख. हा माणूस २००७ साली इतर काळ्या पोलिसांसोबत स्वतःच्याच खात्यावर भेदभावाचा दावा लावून बसला होता. फ्लॉइड मेला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं चौघांना बडतर्फ केलं. २०२१ साली कोर्टात साक्षीला उभा राहिला आणि म्हणाला, हे आमच्या नियमात नाही, आमच्या शिकवणीत नाही. पोलिसप्रमुखानं पोलिसाविरुद्ध अशी साक्ष देणं फार दुर्मिळ. शॉविन दोषी ठरला. मात्र याच प्रमुखाच्या काळात शॉविन पोरांना शिकवत होता, हेही विसरू नका. तो चांगला होता, पण पोलिस संघटनेचा करार आणि लवादाची पद्धत अशी, की काढून टाकलेला पोलिस पुन्हा कामावर यायचा.

आणि पुन्हा मेम्फिस. गार्नरचंच शहर. २०२१ साली सेरेलिन डेव्हिस ही पहिली काळी बाई पोलिसप्रमुख झाली. त्याच वर्षी तिनं ‘स्कॉर्पियन’ नावाचं गुन्हेगारीविरोधी पथक काढलं. ७ जानेवारी २०२३ च्या रात्री या पथकातल्या पाच पोलिसांनी टायर निकोल्स या २९ वर्षांच्या काळ्या तरुणाला गाडी अडवून लाथाबुक्क्यांनी आणि दंडुक्यानं तुडवलं. तीन दिवसांनी तो मेला. पाचही पोलिस काळे. पन्नास वर्षांपूर्वीचं डेट्रॉईटचं स्ट्रेस आठवा. नाव वेगळं, कातडीचा रंग वेगळा, पथकाची कल्पना तीच: वस्तीत घुसा, आकडे दाखवा. डेव्हिसनं पाचही जणांना काही दिवसांत बडतर्फ केलं, पथक मोडलं. डिसेंबर २०२४ मध्ये न्याय खात्यानं अहवाल दिला, की मेम्फिसचे पोलिस नेहमीच वाजवीपेक्षा जास्त बळ वापरतात आणि काळ्यांशी भेदभाव करतात. मे २०२५ मध्ये राज्याच्या कोर्टात तिघे निर्दोष सुटले. त्याच महिन्यात नव्या केंद्र सरकारनं तो अहवालच मागं घेतला. वरची खुर्ची बदलली की कागद असा फिरतो.

दोस्तहो, या साऱ्या इतिहासातून मला दिसतं ते असं. काळा माणूस खुर्चीत बसला तिथं बंदूक थांबली ती तीन गोष्टी सोबत आल्यावर. एक, गोळी कधी झाडायची याचा लेखी, कडक नियम. दोन, नियम मोडणाऱ्याला घरी बसवायची खरीखुरी सत्ता. तीन, खात्याबाहेरचं कुणीतरी हिशोब मागणारं. आणि या तिन्ही गोष्टी वरून कुणी दिल्या नाहीत. बटलर स्ट्रीटच्या तळघरापासून त्या भांडून घ्याव्या लागल्या. जिथं त्या नव्हत्या, तिथं काळ्या साहेबाचा उपयोग एवढाच झाला, की जुलमाला जात नाही, रंग नाही, असं म्हणायला व्यवस्थेला तोंड मिळालं.

आपल्या घरात हेच प्रश्न उघडे आहेत. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं गेली. गुंडेवार आयोगानं गोळीबार समर्थनीय नव्हता असं म्हटलं. हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला २००९ साली जन्मठेप झाली आणि मग जामीनही झाला. हिशोबाला बारा वर्षं लागली. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या विटंबनेनंतर पकडलेल्या कायद्याच्या एका विद्यार्थ्याचा कोठडीत मृत्यू झाला. त्याच्या आईनं माघार घेतली नाही. न्यायदंडाधिकाऱ्याच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला, तो धरून जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं गुन्हा नोंदवायला सांगितलं आणि सुप्रीम कोर्टानं ते कायम ठेवलं. ही चौकशी फुकट मिळालेली नाही. कोठडीत माणूस मेला तर न्यायदंडाधिकाऱ्यानंच चौकशी करायची, ही तरतूद कायद्यात २००६ सालापासून आहे. ती वापरणारी आई लागली, सोबत उभी राहणारी माणसं लागली.

२००६ सालच्याच प्रकाश सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टानं राज्यांना पोलिस तक्रार प्राधिकरण नेमायला सांगितलं होतं. महाराष्ट्रानं २०१४ साली त्याचा कायदा केला. आपल्यातल्या किती कार्यकर्त्यांना याचा पत्ता माहीत आहे? तिथं अर्ज कसा करायचा हे कुणाला येतं? पोलिस भरतीची पुस्तकं आपल्या पोरांच्या हातात दिसतात, ती दिसायलाच हवीत. त्या पुस्तकांशेजारी बळाच्या वापराचे नियमही वाचायला हवेत, आणि ते वस्तीत मोठ्यानं वाचून दाखवायला हवेत. भरती होणाऱ्या पोराला सांगा, उद्या तुला तुझ्याच माणसांवर काठी चालवायचा हुकूम मिळेल. त्या वेळी नियम तुझ्या पाठीशी असेल, तर नाही म्हणायची ताकद येईल. आणि तो नाही म्हणाला म्हणून त्याची बदली झाली, तर त्याच्यासाठीही मोर्चा काढायची तयारी ठेवा. एकटा माणूस खात्यात टिकत नाही. डेट्रॉईटमध्ये टिकला नाही, मिनियापोलिसमध्ये टिकला नाही. बाहेर आपण जागे असलो, तर आतल्याला हिंमत राहील.